लोकरीखालचा कणा

अंगावर दाट लोकर असलेले जनावर दुरून नेहमीच धष्टपुष्ट दिसते. म्हणूनच अल्पाका पाळणारा शेतकरी केवळ डोळ्यांवर विसंबत नाही. तो जनावराजवळ जातो, पाठीवरच्या लोकरीत बोटे खुपसतो आणि कण्याच्या दोन्ही बाजूंचे मांस चाचपून पाहतो. कणा हाताला टोचू लागला, तर वरून कितीही देखणे दिसत असले तरी ते जनावर आतून खंगले आहे, असे तो समजतो. पशुपालनातील ही साधी सवय व्यापारातही किती उपयोगी पडते, हे अमेरिकेतील अल्पाका-व्यवसायाच्या इतिहासावरून ध्यानी येते.

अल्पाका हा उंटाच्या कुळातील, पण मदार नसलेला प्राणी. त्याचे वजन साधारण ५० ते ८५ किलो असते. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचे उंच पठार. जगातील बहुसंख्य अल्पाका आजही पेरू देशात आहेत आणि तेथील डोंगरी कुटुंबांची उपजीविका शतकानुशतके त्यांच्यावर चालत आली आहे. अमेरिकेत व्यापारी स्वरूपात हा प्राणी १९८४ मध्ये आला. पुढे ओहायओसारख्या राज्यांत, चार-सहा एकर जमिनीवर पंधरा-वीस जनावरे बाळगणारी लहान लहान शेते उभी राहिली. घरातील एकाने नोकरी करावी, दुसऱ्याने गोठा सांभाळावा, अशीच बहुतेकांची रीत.

वर्षाचे चक्र

ओहायओचा हिवाळा कडक असतो. थंडीचा अल्पाकाला फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो पाणी गोठण्याचा. पहाटे बादल्यांवरचा बर्फ फोडणे हे दिवसाचे पहिले काम. कुरणात गवत उरलेले नसल्याने साठवलेल्या वाळक्या गवतावर सारी भिस्त असते. या दिवसांत ऊन कोवळे आणि दिवस लहान. पठारावरील प्रखर सूर्यप्रकाशाची सवय असलेल्या या प्राण्याला, विशेषतः वाढत्या पिल्लांना, ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव भासते. ती औषधाने भरून काढावी लागते. पाठ चाचपण्याचे कामही याच दिवसांत सर्वांत महत्त्वाचे, कारण लोकर तेव्हा भरास आलेली असते आणि अशक्तपणा तिच्याखाली सहज झाकला जातो.

वसंत ऋतू हा सुगीचा काळ. उन्हाळ्याचा ताप सुरू होण्यापूर्वी, साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत, लोकर कातरली जाते. कातरणारे कारागीर गावोगाव फिरतात. त्यांचा दिवस आधीच ठरवून घ्यावा लागतो. ओली लोकर साठवता येत नाही, म्हणून आदल्या रात्री आकाशात ढग दिसले की सारी जनावरे छपराखाली घ्यायची. आधी पांढरी, मग बदामी, शेवटी काळी असा क्रम पाळतात. नाहीतर काळे केस पांढऱ्या लोकरीत मिसळून माल बिघडतो. जनावराला आडवे करून त्याचे पाय दोरांनी ताणून धरतात, म्हणजे ते धडपडत नाही आणि त्याला यंत्र लागत नाही. पाच-दहा मिनिटांत काम उरकते. त्याच वेळी नख्या कापल्या जातात आणि वाढलेले दात घासून बेताचे केले जातात. पाठ व कुशीची उत्तम लोकर एका पिशवीत, मानेची दुसरीत, पाय-पोटाची भरड तिसरीत. प्रत्येक पिशवीवर जनावराचे नाव लिहिलेले असते.

उन्हाळ्यात दोन कामे एकदम येतात. पहिले म्हणजे गवताची कापणी. गवत कापून ते वाळेपर्यंत सलग काही दिवस कोरडे मिळाले पाहिजेत. ओलसर गवत रचले तर त्याला बुरशी येते, क्वचित आतल्या उष्णतेने गंजी पेटही घेते. दुसरे काम पिल्लांचे. अल्पाकाची मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि एकाच पिल्लाला जन्म देते. जुळी फार विरळ. बहुतेक माद्या दिवसाउजेडी वितात. अँडीजच्या गोठवणाऱ्या रात्रीपूर्वी पिल्लू कोरडे होऊन पायांवर उभे राहावे, अशी जणू निसर्गानेच केलेली ही तजवीज. पिल्लाच्या पोटात चीक वेळेवर गेला की नाही, ते रोज वजन धरते की नाही, हे पाहण्यात शेतकऱ्याचे दिवस जातात. उकाडा वाढला की पंखे लावायचे आणि जनावरांच्या पोटावर व पायांवर पाणी मारायचे. पाठीवर मारलेले पाणी लोकरीत अडकून उलट उष्णता कोंडते.

या भागात आणखी एक धोका असतो. जंगलातील हरणांच्या विष्ठेतून एका जंताचा प्रसार होतो. गोगलगायींच्या वाटेने तो कुरणातील गवतावर येतो आणि अल्पाकाच्या मज्जारज्जूपर्यंत पोहोचून त्याला पांगळे करतो. त्यावर ठराविक काळाने प्रतिबंधक इंजेक्शन द्यावे लागते. एक महिना विसरले, तर वर्षाची मेहनत वाया जाऊ शकते.

शरद ऋतूत पिल्ले सुमारे सहा महिन्यांची झाली की आईपासून वेगळी केली जातात. मग जाळीच्या टेबलावर लोकर पसरून त्यातील काडीकचरा आणि राठ केस हाताने वेचायचे. सप्टेंबरच्या अखेरीस अनेक शेते लोकांसाठी दारे उघडतात. मोजे, टोप्या, सूत यांची विक्री होते, लहान मुले जनावरांना हात लावून पाहतात. थंडीपूर्वीची ही बाजारपेठ हातची गेली, तर माल पुढच्या वर्षापर्यंत पडून राहतो.

जमा आणि नावे

आता या चक्राचा हिशेब मांडून पाहावा. ६५ किलोचा अल्पाका वर्षभरात ४०० किलोंहून अधिक वाळका चारा खातो आणि साधारण दोन-तीन किलो लोकर देतो. वीस जनावरांचा चारा आठ टनांच्या घरात जातो, तर लोकर भरते सुमारे पन्नास किलो. त्यातीलही उत्तम प्रतीची थोडीच. गिरणी सूत कातण्याची मजुरी वजनावर घेते, म्हणजे भरड लोकरीलाही उत्तम लोकरीइतकाच खर्च येतो. लेंडीखत बागायतदार आनंदाने नेतात, पण त्या जमेवर पशुवैद्याचे बिल फिटत नाही. सारांश, लोकरीचा धंदा काटकसरीने चालवला तर चालतो. तो कोणाला झटपट श्रीमंत करील असा मात्र नाही.

तरीही एक काळ असा होता की एका मादीला दहा-वीस हजार डॉलर सहज मोजले जात. १९९८ च्या अखेरीपासून अमेरिकेतील नोंदणी-संस्थेने बाहेरून आणलेल्या जनावरांची नोंद बंद केली होती, त्यामुळे पुरवठा आटला. करात सवलत होती, आकर्षक जाहिराती होत्या. मादीने दरवर्षी एक पिल्लू द्यायचे आणि ते पिल्लूही तितक्याच भावाने विकले जायचे, असा तो हिशेब. मात्र विकत घेणारा प्रत्येक जण पुढे स्वतःच विक्रेता होणार होता. लोकर घेणारे गिऱ्हाईक या साखळीत कुठेच नव्हते. २००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील टीना सायटोन व रिचर्ड सेक्स्टन या अर्थशास्त्रज्ञांनी आकडे मांडून दाखवले की, लोकरीच्या उत्पन्नाच्या आधारे असे भाव टिकणे शक्य नाही. त्यांनी जणू लोकरीखालचा कणाच चाचपून पाहिला होता. तेजीच्या भरात त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. २००८ च्या आर्थिक संकटानंतर नवे खरेदीदार थांबले आणि भाव कोसळले. हजारोंची जनावरे शेकड्यांत विकली जाऊ लागली, काही तर फुकट देऊ केली गेली.

ही गोष्ट फक्त परक्या देशाची नाही. आपल्याकडे इमूपालनाचे असेच पेव फुटले होते. महाराष्ट्रातही अनेकांनी इमू पाळले, आणि २०१२ च्या सुमारास तामिळनाडूतील योजना बुडाल्या तेव्हा पक्ष्यांना ना गिऱ्हाईक उरले, ना दाणा.

सौदा फसला तर कापडाचे ठाण फळीवर पडून राहते. त्याला भूक लागत नाही. जनावराचे तसे नाही. अल्पाका पंधरा-वीस वर्षे जगतो. त्याचा भाव एका हंगामात शून्यावर आला, तरी त्याला त्याच संध्याकाळी चारा लागतो. भाव पडल्यावर कित्येक मालकांनी पाठ फिरवली आणि तशा जनावरांना आश्रय देण्यासाठी तेथेही आपल्या पांजरपोळासारख्या संस्थांना पुढे व्हावे लागले. वहीत मत्ता म्हणून लिहिलेला जीव हा त्याच वेळी एक देणेही असतो, याचा खरेदी करताना अनेकांना विसर पडला होता.

मंदीतही काही लहान शेते टिकून राहिली. ज्यांनी जनावराच्या भावापेक्षा त्याच्या लोकरीकडे लक्ष दिले, सूत, मोजे, टोप्या यांचे स्वतःचे गिऱ्हाईक जोडले आणि गोठ्याला पेलतील तेवढीच जनावरे ठेवली, त्यांना निदान जमीन विकावी लागली नाही. त्यांचा नफा मोठा नाही. कित्येकांचे घर आजही मुख्यतः नोकरीच्या पगारावर चालते आणि गोठा आपला खर्च आपण भागवतो, एवढेच त्यांना पुरेसे वाटते. थंडी पडू लागली की ते दर काही दिवसांनी गोठ्यात जाऊन एकेका जनावराच्या पाठीवरून हात फिरवतात. ज्याचा कणा हाताला टोचतो, त्याच्यासमोर त्या रात्री मूठभर दाणा अधिक टाकला जातो.