मधुमेही मुलांची मूत्रपिंडे आणि रायपूरची दुहेरी अडचण

मधुमेह असलेल्या मुलाच्या मूत्रपिंडाला इजा होऊ लागते, तेव्हा त्याला काहीही जाणवत नाही. अंगावर सूज नसते, वेदना नसतात. रक्तातील क्रिएटिनीनचे प्रमाणही बराच काळ सामान्य राहते, कारण मूत्रपिंडाची जवळपास निम्मी क्षमता गेल्यानंतरच ते ठळकपणे वाढते. त्याआधीचा इशारा लघवीतून मिळतो. अल्ब्युमिन या प्रथिनाचा अल्प अंश लघवीतून बाहेर पडू लागतो. एक ग्रॅम क्रिएटिनीनमागे ३० ते ३०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन ही त्या प्रारंभिक अवस्थेची मर्यादा मानली जाते. दवाखान्यातील साध्या पट्टीला एवढा अल्प अंश सहसा कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत अल्ब्युमिन व क्रिएटिनीन यांचे गुणोत्तर काढावे लागते.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील सुमारे २ लाख २९ हजार मुलामुलींना टाइप-१ मधुमेह आहे. जगात ही संख्या सर्वाधिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ मध्ये या आजारासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्याच वर्षीच्या आंतरराष्ट्रीय ‘इस्पॅड’ सूचनांनुसार वयाच्या अकराव्या वर्षापासून, किंवा त्याआधी यौवनारंभ झाल्यास तेव्हापासून, आजाराला दोन ते पाच वर्षे झालेल्या मुलांची ही चाचणी दरवर्षी व्हावी. टाइप-२ मधुमेहात मात्र ती निदान होताच करावयाची असते, कारण त्या आजाराची सुरुवात नेमकी केव्हा झाली हे सांगता येत नाही.

छत्तीसगडच्या राजधानीत या चाचणीचा अर्थ लावणे अधिक अवघड ठरते. या राज्यात आणि त्याला लागून असलेल्या गोंदिया, गडचिरोली या जिल्ह्यांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. रायपूरला सिकलसेलसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली, ती याच कारणाने. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी चाचणी अशा मुलात प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. साखर आटोक्यात असल्याचा समज होतो आणि मूत्रपिंडावरील भार मात्र वाढत राहतो. केवळ सिकलसेलचा वाहक असलेल्या मुलातही तपासणीच्या काही पद्धती चुकीचा आकडा देतात.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. सिकलसेल आजार स्वतःच मूत्रपिंडाला इजा करतो आणि त्याचीही पहिली खूण लघवीतील अल्ब्युमिन हीच असते. दोन्ही आजार असलेल्या मुलात अहवाल वाढीव आला, तर दोष कोणाचा? मधुमेहाला पाच वर्षे झाली आहेत का, डोळ्यांच्या पडद्यावर बदल आहेत का, ग्लुकोमीटरच्या नोंदी काय सांगतात, हे सर्व एकत्र पाहूनच उत्तर शोधावे लागते. म्हणूनच या भागातील मधुमेही मुलाची सिकलसेल तपासणी एकदा तरी झालेली असणे आवश्यक आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ही तपासणी मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. तिचा निकाल मधुमेहाच्या कागदावरही नोंदला गेला, तर बराच गोंधळ टळेल.

सरकारी योजनांच्या रचनेत ही मुले काहीशी निसटलेली दिसतात. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातील सार्वत्रिक तपासणीचा भर तीस वर्षांवरील व्यक्तींवर राहिला आहे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ तीस विकारांच्या यादीत सिकलसेल होता, टाइप-१ मधुमेह नव्हता. डायलिसिससाठी मात्र २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. मूत्रपिंड निकामी झाल्यावर यंत्रणा तत्पर आणि त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांत ती शांत, हा क्रम खर्चाच्या दृष्टीनेही उलटा आहे.

एकाच वाढीव अहवालाने घाबरून जाण्याचे कारण नाही. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचे मैदानी खेळ यांमुळेही अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढीव आले, तरच निदान पक्के धरले जाते. ही अवस्था अनेक मुलांत पूर्ववतही होते. अमेरिका व कॅनडातील १९९३ च्या मोठ्या अभ्यासात साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवलेल्या गटात या प्रारंभिक अवस्थेचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले होते. औषधांचे चित्र तितके स्पष्ट नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किशोरवयीनांवरील चाचणीत एसीई-रोधक व स्टॅटिन यांनी अल्ब्युमिनच्या गुणोत्तरात अपेक्षित फरक पडला नाही. त्यामुळे ही औषधे सरसकट देण्याऐवजी, निदान पक्के झालेल्या किंवा रक्तदाब वाढलेल्या मुलांना एसीई-रोधक देण्याकडे कल आहे.

चाचणीसाठी सकाळी उठल्याबरोबरची पहिली लघवी सर्वात योग्य मानली जाते, कारण किशोरवयात दिवसभर उभे राहण्या-वावरण्यानेही काही मुलांत प्रथिने उतरतात. जगदलपूर रायपूरपासून रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. तेथून पहाटे निघालेले मूल दुपारी बाह्यरुग्ण विभागात पोहोचते आणि त्याचा नमुना दुपारचाच घेतला जातो. पहिल्या लघवीचा नमुना जिल्हा रुग्णालयातच घेऊन तो थंड डब्यातून पाठविणे शक्य आहे. अल्ब्युमिन शीतपेटीच्या तापमानाला काही दिवस टिकते, आणि लसींसाठी तशी साखळी आरोग्य केंद्रांपर्यंत आधीच पोहोचलेली आहे.