मेगापिक्सेलचा मोह आणि घरची पुंजी

भंडाऱ्याहून आमच्या एका वाचक गृहस्थांचें पत्र आलें आहे. घर चार भावांचें, एकत्र. धाकट्या भावाचा मुलगा पदवीधर झाला असून नोकरीच्या मागें न लागतां छायाचित्रणाचा व्यवसाय करावा असें त्यानें ठरविलें आहे. त्यासाठीं ४५ मेगापिक्सेलचाच कॅमेरा हवा, त्याहून कमी घेऊन धंद्यांत टिकाव लागणार नाहीं, असें त्याचें म्हणणें. थोरल्या काकांचा आक्षेप असा कीं, घरांतल्या मोबाइलवर २०० मेगापिक्सेल लिहिलेले असतांना ४५ साठीं लाखों रुपये कां ओतावे? ह्या वादांत आजींनीं आपल्या पाटल्या मोडण्यास काढून दिल्या आहेत. निवाडा देण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु एकदां मोडलेल्या पाटल्या सहसा पुन्हां घडत नाहींत, यास्तव हा प्रश्न येथें विचारास घेतों.

प्रथम मेगापिक्सेल म्हणजे काय तें पाहूं. आपल्या अंगणांतील ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढें आणावी. कॅमेऱ्यानें घेतलेलें चित्र असेंच ठिपक्यांचें बनतें, आणि दहा लक्ष ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. दहा ओळींत दहा ठिपके घातले तर शंभर होतात. तीच नक्षी दुप्पट बारीक काढावयाची तर वीस ओळींत वीस, म्हणजे चारशें ठिपके लागतात. ठिपके चौपट झाले तेव्हां कोठें बारकावा दुप्पट झाला! ह्या हिशेबानें २४ वरून ४५ मेगापिक्सेलवर गेल्यास बारकावा दीडपटही वाढत नाहीं. आंकड्याची झेप डोळ्यांस जेवढी दिसते, तेवढी ती चित्रांत उतरत नाहीं.

आतां किती ठिपके पुरेत? ठिपक्यांच्या ह्या कॅमेऱ्याचा पहिला नमुना स्टीव्हन सॅसन ह्यांनीं १९७५ सालीं कोडॅक कंपनींत बनविला, तो अवघ्या दहा हजार ठिपक्यांचा होता. १९९९ सालीं व्यावसायिकांसाठीं निघालेला निकॉनचा डी-१ कॅमेरा २.७ मेगापिक्सेलचा होता, आणि त्यावर वृत्तपत्रांचें काम चाललें. उत्तम कागदावरील छपाईस इंचामागें ३०० ठिपके असावे असा सामान्य संकेत आहे. त्याप्रमाणें मासिकाच्या मोठ्या पानाएवढ्या, म्हणजे ए-४ आकाराच्या, चित्रास सुमारें ८.७ मेगापिक्सेल लागतात. १२ इंच रुंद व १८ इंच लांब अशा चित्रास सुमारें १९.४. फोर-के दूरदर्शनसंचाचा पडदा सुमारें ८.३ मेगापिक्सेलनें भरून जातो. रस्त्यावरील मोठ्या फलकास फार लागत असतील असें वाटतें, पण तो दुरून पाहावयाचा असल्यामुळें इंचामागें थोडे ठिपकेही चालतात.

थोरल्या काकांच्या शंकेचें उत्तर मात्र निराळें आहे. प्रकाश हा पावसासारखा समजावा. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची ख्याति आहेच. तेथलीच एक परात आणि एक वाटी पागोळीखालीं ठेवली, तर पाणी अधिक कशांत सांचेल हें सांगणें नको. फुल-फ्रेम म्हणून जो कॅमेरा ओळखला जातो, त्यांतील प्रकाश टिपणारा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असतो. २०० मेगापिक्सेलच्या मोबाइलांतील सेन्सर साधारण करंगळीच्या नखाएवढा, क्षेत्रफळानें त्याच्या सुमारें बाराव्या हिश्शाचा. त्या वाटीचे वीस कोटी कप्पे केले म्हणून पाणी वाढत नाहीं. ह्यामुळेंच असे मोबाइल एरवीं सोळा-सोळा ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलच्या आसपासचेंच चित्र देतात. उलट, परात तेवढीच ठेवून तिचे कप्पे वाढविले तर एकंदर पाणीही जवळजवळ तेवढेंच राहतें. म्हणून अंधारांतील चित्राचा कस ठिपक्यांच्या संख्येपेक्षां सेन्सरच्या आकारावर आणि भिंगावर अधिक अवलंबून असतो.

मग पुतण्याचें म्हणणें अगदींच खोटें काय? तसें नव्हे. भंडारा जिल्ह्यांतच त्याच्या बाजूचीं दोन उदाहरणें आहेत. पहिलें सारसाचें. हा पक्षी जवळ येऊं देत नाहीं. धानाच्या बांधीपलीकडून टिपलेल्या चित्राची रुंदी व उंची दोन्ही निम्म्यानें कापावीं लागलीं, तर २४ पैकीं ६ मेगापिक्सेल उरतात आणि ४५ पैकीं ११. येथें मोठा आंकडा खराच उपयोगी पडतो. दुसरें कोशाच्या कापडाचें. आंधळगाव-मोहाडीकडील कोशाचें सूत चित्रांत उमटवावयाचें असतां, ठिपके विरळ असले तर सुताची वीण व ठिपक्यांची वीण एकमेकींत गुंतून कापडावर नसलेल्या लाटा चित्रांत दिसूं लागतात. ठिपके दाट असले म्हणजे हा दोष पुष्कळ कमी होतो. ज्यास पक्ष्यांचें किंवा विणकरांच्या मालाचें काम करावयाचें आहे, त्यानें ४५ चा विचार अवश्य करावा.

परंतु त्याच जिल्ह्यांतील कोका अभयारण्यांत सांजवेळीं झाडीच्या सावलींतून जाणारें जनावर टिपावयाचें, तर अधिक प्रकाश घेणारें भिंग व स्थिर हात लागतो. वैशाखांतल्या दुपारीं तापलेली हवा थरथरत असतां दूरचें दृश्य मुळांतच पुसट दिसतें. तेथें ४५ मेगापिक्सेल ती थरथरच अधिक बारकाईनें नोंदवितात. शिवाय अधिक ठिपक्यांचा संसारही मोठा. ४५ मेगापिक्सेलचें एक कच्चें चित्र सुमारें ५० एमबी जागा घेतें. एका लग्नांत तीन हजार चित्रें घेतलीं तर १५० जीबी झाले, आणि सुरक्षिततेसाठीं दुसरी प्रत ठेवली तर ३००. हा खर्च दर लग्नसराईस आहे.

कंपन्या स्वतः ह्या आंकड्यास काय मान देतात तेंही पाहावें. कॅनन कंपनीनें जुलै २०२४ मध्यें दोन कॅमेरे एकदमच जाहीर केले. त्यांतील अधिक किंमतीचा, व्यावसायिकांसाठींचा अग्रगण्य आर-१ हा २४.२ मेगापिक्सेलचा, आणि त्याहून स्वस्त आर-५ मार्क-२ हा ४५ चा. मेगापिक्सेल हीच श्रेष्ठतेची खूण असती तर ही किंमत उलटी असती.

आमच्या मतें त्या तरुणानें आधीं कामाची यादी करावी. सुरुवातीस लग्नें, मुंजी व शाळांचीं संमेलनें हींच मिळणार असतील, तर २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा पुरेसा आहे. वांचलेल्या पैशांत एक उत्तम भिंग, एक फ्लॅश आणि जमल्यास जुना कां होईना पण दुसरा कॅमेरा घ्यावा. कारण मंगलाष्टकांच्या वेळीं यंत्र बंद पडलें तर अक्षता पुन्हां पडत नाहींत. कॅमेरा कांहीं वर्षांत जुना होतो. भिंग जपून वापरलें तर त्याहून पुष्कळ अधिक टिकतें.

आणि पाटल्या मोडण्यापूर्वीं एक करावें. दोन्ही प्रकारचे कॅमेरे एका दिवसापुरते भाड्यानें आणून, सारखींच भिंगें लावून, आजींचें एकच चित्र दोहोंनीं घ्यावें. १२ बाय १८ इंचांत दोन्ही छापून, मागें खूण करून, बैठकींतल्या भिंतीवर शेजारीं शेजारीं लावावें. घरांतल्या सर्वांनीं हातभर अंतरावरून पाहून कोणतें कोणत्या कॅमेऱ्याचें तें सांगावें. ओळखतां आलें नाहीं, तर आजींच्या पाटल्या आजींच्याच हातांत राहूं द्याव्या. त्या चित्रांतही त्या शोभून दिसतील.