खोटं विमान बाहेर, खरं आत!

संग्रहालयात लढाऊ विमानाची प्रतिकृती दिसली की आपली मंडळी नाक मुरडतात. "छ्या, हे तर फायबरचं!" मला हे मुळीच पटत नाही.

गोव्यात बोगमाळोला १९९८ साली सुरू झालेलं नौदलाचं विमान संग्रहालय घ्या. तिथे अंगणात सी हॉक उभं आहे. याच जातीच्या विमानांनी ४ डिसेंबर १९७१ ला 'विक्रांत'वरून उडून कॉक्स बझारवर हल्ला चढवला होता. विमान अस्सल, पण उभं उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात! डहाणूच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा, खिडकीचे गज किती पावसाळे टिकतात ते. विमानाचं ॲल्युमिनियमही मिठापुढे हरतंच.

इंग्रजांच्या हवाई तळांच्या फाटकाशी महायुद्धातली खरी स्पिटफायर विमानं उभी असायची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यातली बरीच हलवून जागी फायबरग्लासच्या प्रतिकृती आल्या. खऱ्यांपैकी काही तर दुरुस्त होऊन पुन्हा उडाली!

आपण सॉफ्टवेअरवाले हेच करतो ना? नवख्या पोराला टेस्ट सर्व्हरवर सोडतो, लाइव्ह डेटाबेसवर नाही. आणि डेटाचा निदान बॅकअप असतो. विमानाचा?

तेव्हा खरं छपराखाली न्या. बाहेर प्रतिकृती ठेवा, त्यावर ठळक पाटी लावा. पाटी नसेल तर मात्र ती शुद्ध फसवणूक. आणि साचा झालाच आहे, तर आणखी एक प्रतिकृती तलासरीला पाठवा. आश्रमशाळेतल्या पोरांना कॉकपिटमध्ये खुशाल चढू दे. खऱ्या विमानाला हात लावू देणार नाही आपण, आणि देऊही नये.