साल आपल्या बागेची, पण पाकिटावरचं वाक्य खोटं



आज फवारणीची नोंद नाही, ओलिताची नाही. आज भांडणाची नोंद आहे.

परवा मारुतीच्या देवळात आमच्या शेतकरी गटाची बैठक झाली. गावातल्या महिला बचत गटानं एक प्रस्ताव आणला होता. अंबियाची फळगळ यंदाही जबर झाली. झाडाखाली नुसता सडा पडलाय, त्या फळाला व्यापारी हात लावत नाही. बायांचं म्हणणं असं की त्या फळांच्या साली काढू, वाळवू, दळू आणि 'संत्रा फेसपॅक' म्हणून नागपूरला विकू. दळायच्या मशीनला गटानं पैसे द्यावे. पाकिटाचा नमुनाही छापून आणला होता. त्यावर चार गोष्टी लिहिल्या होत्या: '१०० टक्के नैसर्गिक. केमिकल फ्री. व्हिटॅमिन सी भरपूर. कोणताही साइड इफेक्ट नाही.'

गटाचा हिशेब माझ्याकडे आहे, चेकवर सही माझी लागते. मी सही केली नाही. आता अर्धं गाव म्हणून राहिलं, याला बायांचं चांगलं झालेलं पाहवत नाही. घरात अबोला आहे, कारण त्या बचत गटात आमच्या सौ. पण आहेत. म्हणून इथं लिहितो. माझा विरोध धंद्याला नाही, त्या चार ओळींना आहे. मी दहावी पास माणूस, डॉक्टर नाही. पण तीस वर्षं संत्रा केला, औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय पंप पाठीवर घेतला नाही. तसंच हे लेबलही वाचू, एक-एक ओळ.

पहिली ओळ: '१०० टक्के नैसर्गिक'

बिब्बा नैसर्गिक आहे. आपल्याच जंगलात होतो, त्याला कोणी खत देत नाही की फवारत नाही. लावा बरं चेहऱ्याला! बिब्बा उतला म्हणजे काय होतं हे ज्यानं पाहिलं त्याला सांगायची गरज नाही. कातडी सुजते, फोड येतात, पाणी वाहतं. गाजरगवत नैसर्गिक आहे, ते उपटून-उपटून कित्येकांच्या हाताला, मानेला कायमची खाज लागली. खाजकुयरीचं तं नावच बोलतं.

आता उलटं पाहा. हिवाळ्यात टाचेला भेगा पडल्या की आपण व्हॅसलीन लावतो. ते पेट्रोलियमपासून निघतं, खनिज तेलातून. त्यात झाडपाला काही नाही. पण शुद्ध केलेली ती जेली कातडीवर थर धरते, आतलं पाणी उडू देत नाही, आणि तिची ॲलर्जी फारच क्वचित होते. कातडीचे डॉक्टर पण ती लावायला सांगतात.

कातडीला वस्तूचं गाव समजत नाही. तिला एवढंच समजतं, की अंगावर आलेला घटक कोणता, किती आणि किती वेळ. 'नैसर्गिक' हा शब्द वस्तू कुठून आली ते सांगतो, ती काय करते ते सांगत नाही.

दुसरी ओळ: 'केमिकल फ्री'

पहिली गोष्ट, पाणीसुद्धा केमिकलच. संत्र्याची साल वाकवली की जो फवारा डोळ्यात जातो, त्या तेलात ९० टक्क्यांच्या वर लिमोनीन नावाचं रसायन असतं. ते झाडानं बनवलं, कारखान्यानं नाही, एवढाच फरक.

पण हा शब्दांचा खेळ सोडा. खरी गोष्ट दुसरी आहे आणि ती आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. बोलत कोणी नाही, म्हणून मी बोलतो.

संत्र्यावर आपण काय-काय मारतो? नवतीवर सिट्रस सिल्ला आला, मारा. कोळशी आली, मारा. लाल कोळी आला, मारा. पावसाळ्यात फायटोफ्थोरानं फळं सडून गळायला लागली की बुरशीनाशक, तेही दोनदा-तीनदा. हे सगळं जाऊन बसतं कुठं? सालीवर. संत्रा खाणारा साल फेकून देतो, म्हणून आपलं निभतं. आता आपण नेमकी तीच साल घेणार, वाळवणार आणि लोकांच्या लेकीबाळींच्या तोंडाला लावणार.

त्यात वाळवण्याचा हिशेब पाहा. ओल्या सालीत तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं. म्हणजे साधारण चार किलो साल वाळली की एक किलोच्या आसपास उरते. पाणी उडतं, पण सालीच्या तेलात आणि मेणात मुरलेलं औषध पाण्याबरोबर उडेलच असं नाही. जे चार किलोत होतं ते एका किलोत गोळा होऊ शकतं.

आणि फळं कोणती घेणार, तं गळलेली! म्हणजे ऐन फवारणीच्या दिवसातली, बुरशीनं नाहीतर रस शोषणाऱ्या पतंगानं पाडलेली, दोन दिवस चिखलात पडलेली. जे फळ आपण खड्डा करून गाडायला पाहिजे, म्हणजे बुरशी पुढं पसरणार नाही, त्याचा फेसपॅक? यावर 'केमिकल फ्री' लिहायला माझी सही मागता का बापा?

तिसरी ओळ: 'व्हिटॅमिन सी भरपूर'

व्हिटॅमिन सी कातडीला उपयोगी आहे, हे खोटं नाही. कातडी ताठ ठेवणारा कोलॅजन नावाचा धागा शरीरात बनतो, त्याला ते लागतं. पण वरून लावायचं तर त्याच्या अटी आहेत. दवाखान्यात सांगतात त्या सीरममध्ये ते साधारण १० ते २० टक्के असतं आणि द्रावण चांगलंच आम्लधर्मी लागतं, पीएच साडेतीनच्या खाली. नाहीतर ते कातडीच्या आत उतरतच नाही.

आपल्या संत्र्याच्या १०० ग्रॅम गरात व्हिटॅमिन सी असतं साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम. ५० धरलं तरी ०.०५ टक्के झालं. १० टक्के म्हणजे त्याच्या २०० पट. सालीत गरापेक्षा जास्त असतं हे खरं, पण ते ऊन, हवा आणि उष्णता यांनी मरतं. आपण साल वाळवणार सिमेंटच्या खळ्यावर, आठ दिवस, कडक उन्हात. मग उरणार काय?

आणि एक सांगतो, मनाला लागेल. मोठ्या कंपन्यांच्या बाटलीवर संत्र्याची रसरशीत फोड छापलेली असते. आपल्याला वाटतं, वा, आपल्या मालाला मागणी आली! त्यातलं व्हिटॅमिन सी सहसा संत्र्यातून काढलेलं नसतंच. ते बनतं स्टार्चपासून काढलेल्या ग्लुकोजवर, मुख्यतः मक्याच्या. जिवाणू आणि कारखान्यातल्या प्रक्रिया मिळून ते करतात, आणि जगातलं बहुतेक चीनमध्ये तयार होतं. तो रेणू संत्र्यातल्या रेणूसारखाच असतो, काम तेच करतो, त्यात वाईट काही नाही. पण बाटलीवर फोटो आपल्या फळाचा, आणि पैसा मक्याचा नि कारखान्याचा. आपल्या वाट्याला नुसतं चित्र.

चौथी ओळ: 'साइड इफेक्ट नाही'

माझ्या पुतणीनं दोन वर्षांमागं मोबाइलवर पाहून चेहऱ्याला लिंबू चोळलं आणि तशीच सोयाबीन सोंगायला गेली. संध्याकाळी गाल भाजल्यासारखे लाल, दोन दिवसांनी फोड, मग काळे डाग. ते डाग जायला कित्येक महिने लागले. लग्नाचं पाहत होतो, पोरगी घराबाहेर निघेना. कातडीच्या डॉक्टरनं सांगितलं, की लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारीन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन पडलं की कातडी जळते. लिंबू घरच्याच झाडाचं होतं, एक फवारणी नव्हती त्यावर. शंभर टक्के नैसर्गिक.

संत्र्याच्या सालीत हा त्रास लिंबापेक्षा कमी, पण लिमोनीनचा वेगळा आहे. ते तेल हवेत उघडं राहून जुनं झालं की त्याची दुसरी द्रव्यं बनतात, आणि ती काही लोकांच्या कातडीला ॲलर्जी करतात. म्हणून युरोपात नियम आहे, की चेहऱ्यावर राहणाऱ्या क्रीममध्ये लिमोनीन ०.००१ टक्क्याच्या वर गेलं तर लेबलवर त्याचं नाव छापा. धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्क्याच्या वर. आणि आपण लिहितो, 'साइड इफेक्ट नाही'. एवढी हिंमत तं औषध कंपनी पण करत नाही.

'पण आजी लावायचीच ना!'

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच घेतो. आजी लावायची. पण आजी ताजं वाटून त्याच दिवशी लावायची, पाकिटात भरून दोन वर्षांची तारीख टाकत नव्हती. जीवामृत आठवड्याच्या वर ड्रममध्ये राहिलं की काय होतं ते आपण जाणतो. ओलावा असलेली कोणतीही वस्तू तशीच आहे. कोरफडीचा गर घ्या. त्यात ९८-९९ टक्के पाणी. त्याला परिरक्षक नाही घातलं तर जिवाणू वाढणारच. म्हणजे बाजारातल्या कोरफड जेलमध्ये ते घालतात, ते पाप नाही, गरज आहे.

हळदीचंही तसंच. शर्टावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे सगळ्या बायांना माहीत आहे. हळदीला चुना लागला तरी ती लाल होते. कारण हळदीतलं कुरकुमीन खारात बदलतं आणि पुढं तुटतं. साबण खारटधर्मीच असतो. मग हळदीच्या साबणात हळदीचा गुण किती टिकत असेल, हा प्रश्न आजीला पण पडला असता.

आणि आजीची गोष्ट जगाला पटवायची कशी, हे पण आपल्याच देशानं दाखवलं आहे. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दोन संशोधकांना मिळालं. आपल्या सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं, डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख होते. 'आमच्याकडं सगळेच लावतात' एवढंच म्हणून भागलं नाही. जुने ग्रंथ आणि छापलेले शोधनिबंध असे ३२ लेखी पुरावे ठेवले, तेव्हा १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. परंपरा जिंकली, पण कागदावर जिंकली. आपण त्याच परंपरेचं नाव घेऊन बिनपुराव्याचं पाकीट छापावं का?

बैठकीत एका वहिनींनी मला गप्प केलं

त्या म्हणाल्या, "भाऊजी, सालीवर औषध आहे म्हणता. मग तेच संत्रं तुम्ही लोकायले खायला विकता, ते चालते काहून?"

मी म्हटलं, आत गर असतो, साल फेकतात, आणि औषध मारल्यावर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं. त्या म्हणाल्या, "अन् तुम्ही तेवढे दिवस थांबता?"

खरं सांगतो मंडळी, दरवर्षी थांबलोच असं नाही. भाव चढला की हात शिवशिवतात. वहिनींचा प्रश्न बरोबर होता, आणि तो माझ्या एकट्यासाठी नाही.

पण एकीकडं चूक होते म्हणून दुसरीकडं खोटं छापावं, असा त्याचा अर्थ होत नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडं वकील नाही, जाहिरातीला पैसा नाही, आहे ते एवढं नाव. मोठी कंपनी खोटं बोलली तं तिचा एक माल बंद होतो, दुसऱ्या नावानं निघतो. आपल्या पाकिटानं नागपूरच्या दहा पोरींचे चेहरे बिघडले, तं नाव संत्र्याचं जाईल. ते परत कुठून आणायचं?

माझी सही कशावर होईल

१. गळलेलं फळ नाही. तोडणीतलं निरोगी पण बारीक फळ, ज्याला भाव येत नाही, ते घ्या. त्यासाठी पन्नास झाडं वेगळी ठेवू, आणि त्यांच्या फवारणीची वही बचत गटाकडं राहील. झाडं माझ्या बागेतली देतो.

२. साली धुऊन, सावलीत, जाळीखाली वाळवायच्या. खळ्यावर नाही.

३. प्रत्येक खेपेचा नमुना एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत. औषधाचे अंश आणि बुरशी-जिवाणू, दोन्ही तपासायचे. त्याचा खर्च गट देईल.

४. चेहऱ्याला लावायची वस्तू विकायची तं सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागतो, २०२० चे नियम आहेत. तो आधी घ्यायचा. नागपुरात एलएडी कॉलेजात मुलींना कॉस्मेटिक टेक्नॉलॉजी शिकवतात, आणि अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. मोबाइलवरच्या व्हिडिओऐवजी तिथं जाऊन विचारू. मी गाडी काढतो.

५. पाकिटावर एवढंच: 'नागपुरी संत्र्याच्या सालीची पूड. चेहऱ्यावरचा तेलकटपणा आणि मळ काढण्यासाठी. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहा. खाज आली तर वापरू नका. अमुक तारखेपर्यंत वापरा.'

लोक म्हणतील, असं लिहिलं तं कोण घेईल? नसेल घेत तं मशीन बेसन दळायला कामी येईल. पण मला वाटतं, घेतील. खरं लिहिलेलं पाकीट बाजारात एवढं कमी आहे, की तेच त्याचं वेगळेपण होईल.

गुरुवारी पुन्हा बैठक आहे. पेन खिशात घेऊन जातो. आणि त्या वहिनींसाठी माझ्या फवारणीची वही पण नेतो, थांबलो ते दिवस आणि नाही थांबलो ते दिवस, दोन्ही लिहिलेले.