मोकळा

गेली वीस वर्षे मी यवतमाळात मराठी शिकवितो. शब्दांच्या अर्थच्छटा सांगणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. ‘मोकळा’ ह्या एका शब्दावर मी पाऊण तास सहज बोलू शकतो. मोकळे रान, मोकळे केस, मोकळ्या हाताने केलेला उपदेश. शेवटला प्रकार आम्हा प्राध्यापकांना फार प्रिय!

तरीही चार वर्षांपूर्वी पोळा सरल्यावर माझा मावसभाऊ तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन आला आणि चहाची बशी खाली ठेवीत म्हणाला, “पोरीचं लगन झालं. आता मी मोकळा झालो, भाऊ,” तेव्हा मला तो शब्द कळला नाही. “मग काशीयात्रा करून ये,” असे मी म्हणालो. तो हसला. कधीचे उसने पाचशे रुपये काढून दिले, नको म्हटले तरी दिले. त्याच आठवड्यात गावाहून निरोप आला.

त्याची धाकटी भावजय गावात ‘आशा’ आहे. सरकारने 2015 साली शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला. तेव्हापासून घरोघर जाऊन माणसाच्या मनाची विचारपूस करणे हेही ह्या बायांच्या कामात आले. यंदा त्यांच्या शिकवणीचे एक पत्रक सोपे करून द्यायला तिने मला बोलाविले. पत्रकात ‘आत्मघातकी विचारांची पूर्वचिन्हे’ असा मथळा होता. मी लाल शाई काढली. ती म्हणाली, “भाऊजी, हे कोन वाचन? आमी त सरळच इचारतो, जीव द्यावा असं मनात येते का जी?”

मी दचकलोच. असे विचारून नसते खूळ डोक्यात भरवायचे? शिकवायला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विचारल्याने ते खूळ शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारले म्हणून माणसाला हलके वाटते. एवढे मात्र की, उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करायचा नाही. ऐकायचे, एकटे सोडायचे नाही, दवाखान्यात सोबत जायचे, आठ दिवसांनी पुन्हा दार वाजवायचे. रात्रीबेरात्री 14416 हा सरकारी, फुकटचा नंबर आहेच. आणि फवारणीचे ‘औषध’ दुसऱ्याच्या कुलपात ठेवायचे. विषाला औषध म्हणणारी आमची भाषा! श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर 1995 पासून बंदी आणली. पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्या जवळजवळ निम्म्यावर आल्या.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमाने तीस गावांत गावातलीच माणसे तयार केली होती. आधी उदासीने ग्रासलेल्या शंभरांतले चारच मदत मागत. दीड वर्षात सत्तावीस मागू लागले. कापसाचा भाव, सावकार आणि पाऊस ह्यांवर अशा प्रश्नाने तोडगा निघत नाही, हे खरे. तो निघेपर्यंत माणूस तर राहिला पाहिजे!

पत्रकावरचा मथळा मी खोडला आणि वहिनींचे वाक्य जसेच्या तसे लिहिले.

दसऱ्याआधी एक विद्यार्थी पुस्तके परत द्यायला विभागात आला. परीक्षा दूर होती. “सर, सगळ्यांचं देनं फेडून टाकलं,” म्हणाला. मी दार लोटले. जीभ कोरडी पडली होती. वहिनींचे ते वाक्य मी त्याला विचारले.

तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, “हो सर.”

किती दिवसांपासून, एवढेच मी विचारले. तो बोलत गेला. त्याच्या मामांना फोन केला आणि आम्ही दोघे सरकारी दवाखान्यात गेलो. रांग मोठी होती. बाकावर तासभर बसल्यावर त्याने घड्याळ पाहिले.

“सर, तुमचा तास बुडाला ना?”

“बुडू दे,” मी म्हणालो. मग त्याला चहा आणायला सोबतच घेऊन गेलो.