कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती नको



मुसळधार पावसामुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली, की वर्गाच्या ग्रुपवर निरोप येतो: 'तास ऑनलाइन होईल, सर्वांनी कॅमेरा चालू ठेवावा.' माझं स्पष्ट मत आहे, ही सक्ती बंद करा.

नाहूरचंच बघा. अशा दिवशी सगळे घरी, म्हणजे मोबाईलच्या एकाच टॉवरवर सगळ्यांचा भार. त्यात मूल बसलेलं आतल्या खोलीत, जिथे सिग्नलची जेमतेम एक दांडी.

आवाज आणि चित्र छोट्या तुकड्यांत, पॅकेटांत, प्रवास करतात. आपण पीडीएफ पाठवली आणि तुकडा हरवला, तर तो पुन्हा मागवला जातो. फाइल दोन मिनिटं उशिरा येईल, पण पूर्ण येईल. थेट तासात हे चालत नाही. 'सत्तावीस'मधला 'सत्ता' तीन सेकंदांनी येऊन काय उपयोग? म्हणून १९९६ साली आलेल्या आरटीपी या पद्धतीत प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आणि वेळ असते. फोन थोडेसे तुकडे साठवून ओळीने वाजवतो. फार उशिरा आलेला तुकडा सरळ सोडून देतो. सुटलेल्या लोकलमागे धावायचं नाही, पुढची पकडायची! किती तुकडे हरवले हे समोरून कळतं, मग ॲप चित्राचा दर्जा उतरवतं.

आवाजाला मुळात फार कमी जागा लागते. २०१२ साली प्रमाणित झालेली ओपस ही आवाजाची पद्धत सेकंदाला अवघ्या ६ किलोबिटपर्यंत खाली येऊ शकते. साध्या व्हिडिओलाही शेकडो किलोबिट लागतात. शिवाय मोबाईलवर पाठवण्याचा वेग बहुधा घेण्याच्या वेगापेक्षा कमी असतो. मुलाचं चित्र आणि मुलाचं उत्तर, दोन्ही त्याच अरुंद वाटेने येतात. चेहऱ्याचा हट्ट धरला, की उत्तर अडकतं. मग आपणच म्हणतो, 'हा काही बोलतच नाही!'

'कॅमेरा बंद केला तर मूल झोपलंय हे कसं कळणार?' नाव घेऊन प्रश्न विचारा, कळेल. फळ्याचा फोटो तासाआधीच ग्रुपवर टाका. आकडे आणि व्याख्या दोनदा सांगा, कारण हरवलेला शब्द फोन परत मागवणार नाही. ज्याचा आवाज तुटतोय, त्याला उत्तर रेकॉर्ड करून पाठवू द्या. ते उशिरा आलं तरी पूर्ण येईल. आणि पालकहो, तास चालू असताना घरातल्या वायफायवरची मालिका तेवढी थांबवा.