फोटो एकाचा, जीव कितींचा?

रेक्यानेस द्वीपकल्पावर सुमारे 800 वर्षं लाव्हा वाहिला नव्हता. 19 मार्च 2021 च्या रात्री फाग्रादाल्सफ्याल डोंगरापाशी जमीन फाटली. आइसलँडच्या राजधानीतून तासाभराचा गाडीरस्ता आणि पुढे डोंगरवाट तुडवली की उकळता लाव्हा पुढ्यात! कॅमेरेवाल्यांची रीघ लागली. पुढच्या काही आठवड्यांत पोलिसांनी ही वाट अनेकदा बंद केली. कधी विषारी वायूमुळे, कधी निव्वळ हवेमुळे. सोसाट्याचा वारा, बर्फ, हाडं गोठवणारा गारठा. लाव्हा पाहायला गेलेली माणसं थंडीनं काकडली आणि बचाव पथकाच्या स्वयंसेवकांना त्यांना खाली आणावं लागलं.

वाट बंद झाली म्हणून चडफडणाऱ्या छायाचित्रकारांचा मोह समजण्यासारखा आहे. ढग खाली उतरले की लाव्ह्याची लाली त्यांच्या पोटावर पसरते. निरभ्र रात्री ते दृश्य मिळत नाही. पण बिघडलेली हवा देते त्याहून जास्त हिरावून घेते. हजार अंशांहून तप्त लाव्ह्यावर पाऊस पडला की वाफेचा पडदा उभा राहतो आणि फोटोत नुसता पांढरा धूर येतो. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, तो काचेचा आणि खडकाचा चुरा असतो. ओल्या लेन्सवर ती चिकटली आणि सवयीनं कापड फिरवलं, तर ओरखडे ठरलेलेच. वारा पडला की वायू खोलगट जागी साचतात. गारठलेला माणूस आडोशाला नेमका तिथेच जातो.

5 एप्रिलला तर मूळ मुखापासून काही शे मीटरवर, लोकांची ये-जा असलेल्या परिसरात नवीच भेग उघडली. लोकांना तातडीनं हलवावं लागलं. दाट धुक्यात ती भेग कुणाला दिसली असती?

‘जीव माझा, धोका माझा’ हा युक्तिवाद अशा वेळी हमखास होतो. त्याला आधार म्हणून छायाचित्रकार रॉबर्ट लँड्सबर्गचं नाव घेतलं जातं. 18 मे 1980 रोजी अमेरिकेत सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा सुटका नाही हे ओळखून त्यानं फिल्म पिशवीत ठेवली आणि तिच्यावर अंग टाकलं. तो गेला, फिल्म वाचली. ही कथा भक्तिभावानं सांगितली जाते. मात्र लँड्सबर्ग एकटा होता.

जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर 3 जून 1991 ला तसं नव्हतं. डोंगर छान दिसतो म्हणून वार्ताहर आणि छायाचित्रकार स्थलांतराची सूचना दिलेल्या भागातच ठाण मांडून होते. तप्त वायू आणि राखेचा लोट आला आणि 43 जणांचा बळी गेला. त्यांत ज्वालामुखींच्या चित्रीकरणासाठी जगभर नावाजलेलं मॉरिस आणि कातिया क्राफ्त हे दांपत्य होतं. पण त्यांत पत्रकारांना घेऊन आलेले टॅक्सीचालक होते, पोलीस होते आणि स्थानिक अग्निशमन पथकातली माणसंही होती. काही वार्ताहरांनी रिकाम्या घरांतली वीज वापरल्याचं उघडकीस आल्यावर राखणीसाठी ही माणसं परत वर गेली होती. त्यांना कुठला फोटो हवा होता?

पावसाळ्यात सह्याद्रीतले धबधबे आणि गड बंद झाले की रीलवाल्यांची जी कुरकुर चालते, आइसलँडमधली चडफड हा तिचाच महागडा अवतार. महाराष्ट्रातूनही आता आइसलँडच्या सहली निघतात. त्यांच्या आयोजकांनी ‘लाव्हा दाखवूच’ असं सूचित करणंही टाळावं. कार्यक्रमात एखादा मोकळा दिवस ठेवावा आणि वाट बंद झाली तर त्या भागाचे पैसे परत द्यावेत, म्हणजे वाटाड्यावर ‘चला हो, काही होत नाही’चा दबाव येणार नाही. वृत्तपत्रांच्या छायाचित्र विभागांनीही लाव्ह्याचा फोटो घेताना तो कुठे उभं राहून काढला, हे विचारावं. बंद हद्दीतला असेल तर कितीही देखणा असला तरी छापू नये.